बाणाचा होकार

निरोप्याच्या खोट्या होकाराची ही कथा अनेक रूपांत सांगितली जाते. कुठे निरोप्या कावळा असतो, कुठे घोडा. प्रस्तुत रूपात तो संगणकाच्या पडद्यावरचा बाण आहे.

पडद्यावर खिडक्या नुकत्याच उघडू लागल्या होत्या, त्या काळी गोदूबाईंनी आईची अंगाई अक्षरखिडकीत उतरवून ठेवली होती. दुसरी प्रत नव्हती. ती चित्रखिडकीत, आईच्या छायाचित्राशेजारी हलवावी म्हणून त्यांनी बाणाला खूण केली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

अक्षरखिडकी म्हणाली, "बाणोबा, ही अंगाईची सावली न्या. चित्रखिडकीने ती घेतली असं तुम्ही सांगितलंत, की मी माझ्याकडची मूळ अंगाई पुसते."

"आपल्याला कुठलं दार बंद असतं?" असे म्हणत बाण निघाला.

चित्रखिडकीने सावली न्याहाळली. "अहो, ही तर अक्षरं. आम्ही फक्त चित्रं घेतो." सावली तिथेच विरली.

रिकाम्या हाताने परतताना बाणाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"घेतली का?" अक्षरखिडकीने विचारले.

"घेतली," तो म्हणाला.

तिने विश्वासाने अंगाई पुसली. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य बाणाला झाले नाही.

गोदूबाई परत आल्या. त्यांनी बाण हाती धरला आणि अंगाई शोधत दोन्ही खिडक्यांतून, कोपरान्‌कोपरा, त्यालाच फिरवले.