ब्रशने लावलेली काजळी

टेबलांवर खेळण्यातल्या आगगाड्यांची गावं वसत होती, तेव्हाची गोष्ट. टिपणीसांच्या टेबलावर भुऱ्या नावाचं वीतभर डिझेल इंजिन बारा वर्षं मालगाडी ओढत घाट चढत होतं. मग टिपणीसांनी एक नवं इंजिन आणलं. ते राबलेलं दिसावं म्हणून त्याच्यावर ब्रशने काजळी रंगवली, गंज रंगवला. भुऱ्याच्या अंगावरचं खरं तेल मात्र फडक्याने खसाखसा पुसून काढलं. "पाहुणे यायचेत, घाण दिसायला नको," ते म्हणाले.

पाहुणे आले आणि नव्या इंजिनापाशीच थांबले. "केवढं राबलंय हो हे," सगळे म्हणाले. नवं इंजिन गप्प राहिलं. बाजूच्या रुळावर भुऱ्याचं डोकं फिरलं.

टिपणीसांनी मालगाडी नव्या इंजिनाला जोडली. घाटात त्याची चाकं जागच्या जागी फिरू लागली.

"भुऱ्यादादा, मागून जरा ढकल ना," ते कुजबुजलं.

"मी?" भुऱ्या म्हणाला. "माझ्या अंगावर एक तरी डाग दिसतो का तुला? मी कुठे काय केलंय. बारा वर्षं राबलायस तो तू. आत्ताच सगळे म्हणाले, आणि तू ऐकून घेतलंस. चढ आता."