ठकू लोहारणीची हळद

फार वर्षांपूर्वी, हिरडेवाडीला रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका संस्थानिकाची मोटार शिकारीला जाताना गावच्या चिंचेखाली बंद पडली. "इथंच थांब, माणसं पाठवतो," असं ड्रायव्हरला सांगून ते बैलगाडीनं निघून गेले. माणसं काही आली नाहीत. ड्रायव्हर इमामचाचा मात्र थांबले, चांगली वीस वर्षं. त्यांची नजर गेली, मोटारीत कोंबड्या अंडी घालू लागल्या, तरी रोज सकाळी ते तिच्यावरची धूळ पुसत, असं म्हणतात.

त्याच गावात ठकू लोहारीण राहायची. नवरा गेल्यावर भाता आणि घण दोन्ही तिच्याच हाती आले होते. तिची थोरली लेक बाळंतपणात अडली, आणि दवाखाना खिंडीपलीकडे. बैलगाडी निम्मी खिंड चढली तोवर सगळं आटोपलं. आता धाकटी सुंदरा सातव्या महिन्यात माहेरी आली. तिला दारात बघताच ठकूनं हातातला घण खाली ठेवला. ती तडक चिंचेखाली गेली.

"चाचा, ही चालंल का?"

"चालंल की. पर करनार कोन?"

"मी. तुमी निस्तं सांगा."

गाव पोट धरून हसलं. मोटार दुरुस्त करणार लोहारीण, आणि तिला शिकवणार कोण, तर ज्याला दिसत नाही तो! ठकूनं तिकडे लक्षच दिलं नाही. चाचा हातानं चाचपून एकेक भाग सांगायचे, ती गंज खरवडायची आणि सडलेला भाग भट्टीत नवा घडवायची. मोटेच्या कातड्याचे पट्टे कापले, फाटक्या टायरांत पेंढा ठासला. एक नळी तर तिनं एकोणीस वेळा घडवली. मोटार सुरू करायचं हँडल उलटं फिरून बसलं आणि उजवं मनगट सुजलं, तेव्हा तिनं डावा हात लावला. दोन महिन्यांनी एका दुपारी मोटारीनं अशी डरकाळी फोडली, की तीन गावच्या म्हशींनी दावी तोडली, असं म्हणतात.

आठवड्याभरात एका सकाळी सुंदराला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. तिला मागं निजवलं, चाचा पुढं बसले. बायका मोटारीला हळदीकुंकू लावायला आल्या तेव्हा एक जण म्हणाली, "ठकूमावशी, वाईच बाजूला व्हा. शुभाचं काम हाय." विधवेचा हात नको होता. ठकूला ते फार लागलं, पण ती बाजूला झाली. बायकांनी बाळंतिणीसाठी हळदीची पुरचुंडी सुंदराच्या हाती दिली.

मग ठकूनं मोटार हाकली. चाचा नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून कधी काय करायचं ते सांगत होते. निम्म्या खिंडीत, थोरली गेली त्याच वळणावर, पाण्याची टाकी चिरली आणि वाफेचा लोट उठला. हंडाभर पाणी ओतलं, तेही गळू लागलं.

"चीर बुजवाय बारीक कायतरी पायजे," चाचा म्हणाले. "पीठ, हळद, कायबी."

ठकू जागेवरच थबकली. कळा सोसत सुंदरानं पुरचुंडी पुढं केली. "आये, तूच घाल."

ठकूनं सगळी हळद टाकीत घातली. चीर बुजली. मोटार खिंड चढून पार झाली, आणि तिच्या पिवळ्या वाफेनं तिथल्या दरडी पिवळ्या झाल्या त्या आजही तशाच आहेत, असं म्हणतात. सुंदरा आणि तिची मुलगी, दोघी सुखरूप घरी आल्या.

आता हिरडेवाडीला डांबरी रस्ता आहे. गावात नवी गाडी आली, मग ट्रॅक्टर असो की जीप, की तिला पहिली हळद गावातली एखादी विधवाच लावते. चिमूटभर पाण्याच्या टाकीतही घालते. तालुक्याचा मेस्त्री कपाळाला हात लावतो, त्याला कुणी विचारत नाही. आणि तिचं होईपर्यंत सवाष्णी तबक धरून बाजूला उभ्या राहतात.