तेल पाजून गप्प केलेला बुश

गाड्यांचे सुटे भाग आपसांत बोलायचे त्या काळी, एका जुन्या जीपमध्ये स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाला, धक्के सोसणारा एक रबरी बुश राहायचा. पाटा ज्या बोल्टवर झुलायचा तो सैल झाला होता. प्रत्येक खड्ड्याला बुश चिरडला जायचा आणि संतापून ओरडायचा, “कर्र! बोल्ट आवळा रे, नाहीतर पाटा निसटेल!”

“पुरे तुझं रडगाणं,” पाटा म्हणायचा. “सगळं ओझं मी वाहतो. मी कधी तोंड उघडतो का?”

ड्रायव्हर सखाहरीही वैतागला. बोल्टला हातसुद्धा न लावता त्यानं बुशावर तेल ओतलं.

“तेल नको, मुडद्या! तेलानं रबर कुजतं. पाना आण, पाना!”

सखाहरीला नुसतं कर्र ऐकू आलं. त्यानं आणखी तेल ओतलं.

महिन्याभरात बुश फुगून लिबलिबीत झाला. राग होता तेवढाच होता, पण आवाज फुटेना.

“आता कसा शहाण्यासारखा वागतोस!” पाटा खूश झाला.

पुढच्याच बाजारच्या दिवशी घाटाच्या वळणावर बोल्ट निघाला, पाटा निसटला आणि जीप चरात कलंडली. बुश रस्त्यावर फेकला गेला. तिथं पडल्या पडल्या त्याला ऐकू आलं. फुटलेला गुडघा धरून सखाहरी लोकांना सांगत होता, “अहो, गाडीची काही तक्रारच नव्हती!”