मुक्त लोळणभूमी

एका नदीच्या अलीकडच्या तीरावर सिंहाचं राज्य होतं आणि पलीकडच्या तीरावर कोणाचंच नव्हतं. त्यामुळे पलीकडे सगळं बरं चाललं होतं.

अलीकडे गाढवं राहत. गाढवांचा धर्म साधा. सकाळी चारी पाय वर करून धुळीत यथेच्छ लोळायचं, की देव भेटतो. पण एकदा ही धूळ भर दरबारात सिंहाच्या नाकात गेली, त्याला शिंकांमागून शिंका आल्या आणि लोळणबंदीचा हुकूम निघाला. यापुढे सर्वांनी सिंहासारखी प्रार्थना करायची, म्हणजे उंच जागी बसून जांभई द्यायची. गाढवांनी इमानेइतबारे जांभया दिल्या. देव काही भेटला नाही, झोप मात्र छान लागली.

शेवटी धुळाप्पा नावाचं एक पोक्त गाढव उकिरड्यावर चढून उभं राहिलं.

“बंधूंनो, भगिनींनो आणि ओझेवाहूंनो! जिथं लोळता येत नाही, तो देश कसला? पलीकडे चला! तिथं ज्याला जसं लोळायचं तसं तो लोळेल!”

गोजरा गाढवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळ्यांबरोबर तीही नदी पोहून गेली. तिच्या म्हाताऱ्या आईला मात्र पोहवेना. लेक दिसेनाशी होईपर्यंत ती काठावर उभी राहून ओरडत होती.

पलीकडे मऊ धुळीचं मैदान होतं आणि मैदानात सशांची बिळं होती. धुळाप्पाने घोषणा केली, “ही जमीन रिकामी आहे.”

“अहो, पण मी इथं बसलोय की,” एक ससा म्हणाला.

“बसलेल्यांची दखल घेतली जात नाही. उभे राहा, मग बघू.”

ससा मागच्या पायांवर उभा राहिला. विनापरवाना निदर्शने केल्याबद्दल त्याला ताबडतोब मैदानाबाहेर काढण्यात आलं. बाकीच्या सशांना मोठ्या मनाने पाहुणे म्हणून राहू दिलं, त्यांच्याच बिळांत.

मग गाढवं जी काय लोळली! गोजरा नदीकडे तोंड करून लोळायची. तिकडे आई होती. आईची तिला फार आठवण यायची, आणि त्या दिशेला तोंड केलं की देव आणि आई एकदमच भेटल्यासारखं वाटायचं.

बाकीचे डोंगराकडे तोंड करून लोळत, कारण धुळाप्पा तसा लोळे. आणि धुळाप्पा तसा लोळे, कारण नदीकडच्या वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत धूळ जाई. पण पुढाऱ्याच्या सवयीचं तत्त्व व्हायला वेळ लागत नाही. तत्त्वाचं मंडळ झालं आणि मंडळाने ठराव केला की लोळण्याचं स्वातंत्र्य सर्वांना आहे, फक्त तोंड डोंगराकडे हवं. नदीकडे तोंड करणारा सिंहाला फितूर.

“धुळाप्पाभाऊ, मी सिंहाकडे कुठं बघते? आईकडे बघते,” गोजरा काकुळतीला येऊन म्हणाली.

“तुमची आई कोणाच्या राज्यात चरते?”

“सिंहाच्या.”

“झालं तर मग.”

गोजराने एकदा डोंगराकडे तोंड करून लोळून पाहिलं. अंगाला नुसतीच धूळ लागली. मग तिने लोळणंच सोडलं. अंगाला खाज सुटली, मनाला चैन पडेना आणि चारा गोड लागेना.

तेवढ्यात निवडणूक आली. कागद दिला तर गाढवं तो खातात, म्हणून मत लोळूनच द्यायचं ठरलं. धुळाप्पा हवा असेल तर डोंगराकडे तोंड, नको असेल तर नदीकडे. नदीकडे तोंड करणं गुन्हा होताच, पण मतदान संपूर्णपणे मुक्त असल्याचं मंडळाने वारंवार स्पष्ट केलं. पाहुण्यांना मत नसतं, म्हणून सशांना फक्त मतदारांची पाठ झाडायला बोलावलं होतं.

सगळी गाढवं रांगेने डोंगराकडे तोंड करून लोळली. गोजराची पाळी आली. कोवळं ऊन पडलं होतं, धूळ कशी छान तापली होती. तेवढ्यात जुन्या तीरावर काहीतरी राखाडी हललं. आईच ती! गोजरा मत विसरली, मंडळ विसरली, धाडकन नदीकडे तोंड करून आडवी झाली आणि चारी पाय वर करून अशी लोळली की कितीतरी दिवसांनी तिला देव भेटला.

रखवालदारांनी तिला कानाला धरून उभं केलं.

“आमच्या विरोधात मत?” धुळाप्पाने विचारलं.

“नाही हो भाऊ! मत द्यायचं राहूनच गेलं. मी फक्त देवाचं नाव घेतलं.”

धुळाप्पा समजुतीने हसला.

“गोजराबाई, आपल्या राज्यात आता ती दोन्ही एकच आहेत.”