चिंगीची बॅग उसवली

एक होती चिंगी चिचुंद्री. एवढीशी. बोटाएवढी.

चिंगी आईकडे निघाली. लग्न झाल्यावर पहिल्यांदाच.

हातात चामड्याची बॅग. नवी कोरी. बॅगेत आईसाठी डिंकाचे लाडू.

चिंगी चालली, तुरुतुरु तुरुतुरु.

आणि टर्रर्र. बॅग उसवली.

एक लाडू खाली पडला. गडगड गडगड, गेला एका बिळात. कुणाचं बीळ होतं, माहीत नाही. लाडू काही परत आला नाही.

बॅग शिवली होती साळूदादांनी. साळूदादांच्या अंगावर काटेच काटे. एक काटा उपटायचा, त्याची सुई करायची, शिवायला बसायचं.

चिंगी गेली साळूदादांकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"बॅग उसवली. लाडू सांडला. आई वाट बघते. साळूदादा, शिवून द्या."

साळूदादांनी बॅग उलटी केली. सुलटी केली.

"दोरा कच्चा होता," ते म्हणाले.

"मग कच्च्या दोऱ्याने शिवलीत कशाला?"

"तुला घाई होती."

"मला नव्हती."

"मग मला असेल. शिवीन की. मी कुठे नाही म्हणतो? पण आधी पक्का दोरा आण."

चिंगी गेली कोळीकाकांकडे, तुरुतुरु तुरुतुरु. कोळीकाका दोरा वळत होते. आठही पायांनी.

"बॅग उसवली. लाडू सांडला.
दोरा नाही, म्हणून साळूदादा शिवत नाहीत.
आई वाट बघते. कोळीकाका, पक्का दोरा द्या."

"देईन की. मी कुठे नाही म्हणतो? पण मेण चोळल्याशिवाय दोरा पक्का होत नाही. आधी मेण आण."

चिंगी गेली माशीताईंकडे, तुरुतुरु तुरुतुरु. मधमाशीच त्या. पोळ्याच्या दारात बसल्या होत्या. गुं गुं सुद्धा करत नव्हत्या.

"बॅग उसवली. लाडू सांडला.
दोरा नाही, म्हणून साळूदादा शिवत नाहीत.
मेण नाही, म्हणून कोळीकाका दोरा देत नाहीत.
आई वाट बघते. माशीताई, मेण द्या."

"देईन की. मी कुठे नाही म्हणते? पण फूल नाही, तर मध नाही. मध नाही, तर मेण नाही. आधी फूल आण."

चिंगी गेली भोपळामावशींकडे, तुरुतुरु तुरुतुरु. भोपळ्याचा वेल तो. पार सुकला होता.

"बॅग उसवली. लाडू सांडला.
दोरा नाही, म्हणून साळूदादा शिवत नाहीत.
मेण नाही, म्हणून कोळीकाका दोरा देत नाहीत.
फूल नाही, म्हणून माशीताई मेण देत नाहीत.
आई वाट बघते. भोपळामावशी, फूल द्या."

"देईन की. मी कुठे नाही म्हणते? पण माझ्याकडे बघ तरी. आधी पाणी आण."

चिंगी गेली पाटमामांकडे, तुरुतुरु तुरुतुरु. पाटमामा शेतात पाणी आणायचे. आज कोरडे ठाक होते.

"बॅग उसवली. लाडू सांडला.
दोरा नाही, म्हणून साळूदादा शिवत नाहीत.
मेण नाही, म्हणून कोळीकाका दोरा देत नाहीत.
फूल नाही, म्हणून माशीताई मेण देत नाहीत.
पाणी नाही, म्हणून भोपळामावशी फूल देत नाहीत.
आई वाट बघते. पाटमामा, पाणी द्या."

"देईन की. मी कुठे नाही म्हणतो? पण वरच्या अंगाला हत्तीण बसलीय. पाणी तिच्यामागे अडलंय. आधी तिला उठव."

चिंगी गेली हत्तीणबाईंकडे, तुरुतुरु तुरुतुरु. हत्तीणबाई पाटात बसल्या होत्या. गार वाटतं म्हणून.

चिंगीने मोठा श्वास घेतला.

"बॅग उसवली. लाडू सांडला.
दोरा नाही, म्हणून साळूदादा शिवत नाहीत.
मेण नाही, म्हणून कोळीकाका दोरा देत नाहीत.
फूल नाही, म्हणून माशीताई मेण देत नाहीत.
पाणी नाही, म्हणून भोपळामावशी फूल देत नाहीत.
तुम्ही उठत नाही, म्हणून पाटमामा पाणी देत नाहीत.
आई वाट बघते. हत्तीणबाई, उठा."

"उठेन की. मी कुठे नाही म्हणते?"

चिंगी थांबली. हत्तीणबाई पुढे काही बोलल्या नाहीत.

"पण काय?" चिंगीने विचारलं.

"पण काही नाही. मला कुणी ऊठ म्हटलंच नाही."

चिंगीने पाटमामांकडे पाहिलं.

"मला वाटलं, तिचं तिला कळेल," पाटमामा म्हणाले.

हत्तीणबाई उठल्या, भस्सकन.
पाटमामांनी पाणी दिलं, झुळझुळ झुळझुळ.
भोपळामावशींनी फूल दिलं, पिवळं धम्मक.
माशीताईंनी मेण दिलं, गुं गुं गुं गुं.
कोळीकाकांनी मेण चोळून दोरा दिला, सुर्र सुर्र.
साळूदादांनी काटा उपटला, बॅग शिवली, टुच टुच टुच टुच.

"झाली. घेऊन जा," साळूदादा म्हणाले.

चिंगीने बॅग घेतली नाही.

"वाटेत उसवली तर?"

"नाही उसवणार."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग तुम्हीच उचला."

साळूदादांनी सुई खाली ठेवली. मग उठले. बॅग घेतली.

पुढे चिंगी, तुरुतुरु तुरुतुरु. मागे साळूदादा, खुळखुळ खुळखुळ. चढ आला. उतार आला. बॅग उसवली नाही.

आई दारातच उभी होती.

"आलीस गं बाई. आणि हे कोण?"

"साळूदादा. बॅग यांनीच शिवलीय."

"छान आहे हो बॅग," आई म्हणाली. "पण फार दमलेले दिसता. जड आहे का?"

"नाही," साळूदादा म्हणाले. "वाट लांब आहे."

आईने साळूदादांना पाणी दिलं. लाडूही दिला.

चिंगी आईच्या कुशीत शिरली.

लाडू गेले डब्यात, बॅग गेली खुंटीवर, आणि आपण जायचं पांघरुणात.