जो कोणी खाली येईल

लहानांनो आणि थोरांनो, राजे स्वतः घोड्यावर बसून आपलं राज्य पाहायला निघत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

एका उंच डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठावर एक गाव होतं. गावातले लोक प्रभू येशूला मानणारे होते. गावात दगडी प्रार्थनामंदिर होतं आणि तिथे दोन उपदेशक होते. दोघे सख्खे भाऊ. दोघेही शिकलेले, दोघेही सज्जन. पण एका गोष्टीवर त्यांचं कधीच पटलं नाही.

थोरले म्हणत, "जगाचा पाया घालण्याआधीच देवाने ठरवलं आहे, कोणाचं तारण व्हायचं आणि कोणाचं नाही. ते माणसाच्या हातात असतं, तर माणूस देवापेक्षा मोठा ठरला असता."

धाकटे म्हणत, "दादा, मग देव न्यायी कसा? ज्याला वाचवायचंच नाही असं आधीच ठरलं, त्याला त्याच्या पापाबद्दल शिक्षा कशी करायची? देवाने दार उघडं ठेवलं आहे. आत यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं."

हा वाद इतका वाढला की गावाचे दोन तट पडले. थोरल्यांचे लोक मंदिरात उजवीकडे बसत, धाकट्यांचे डावीकडे. मुलीसाठी स्थळ आलं, तर मुलगा कोणत्या बाजूला बसतो हे आधी विचारलं जाई.

त्या गावात सलोमी नावाची एक विधवा राहत असे. ती चटया विणून पोट भरी. मंदिरात ती अगदी मागे, दाराजवळ बसे. तिला एकच मुलगा होता, अमोस.

अमोस लहान असताना त्याच्या हातून मोठी चूक झाली. गावाच्या धान्याच्या कोठारामागे तो विस्तवाशी खेळत होता. वारा सुटला, ठिणगी उडाली आणि सगळ्या गावाचं वर्षाचं धान्य जळून गेलं. लोक राखेपाशी जमले. थोरले उपदेशकही आले. त्या वेळी ते फार संतापले होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "कुंभार काही मडकी फोडण्यासाठीच घडवतो. हा मुलगा त्यांतलाच."

लोकांना ते बोलणं काही दिवसांनी आठवेनासं झालं. अमोस मात्र ते विसरला नाही. तो मोठा झाला, खांद्याने रुंद झाला, पण कोणाच्या नजरेला नजर देईना. आणि एके दिवशी तो नदी ओलांडून गेला आणि डोंगरातल्या लुटारूंना जाऊन मिळाला.

सलोमी रडत थोरल्या उपदेशकांकडे गेली. ते म्हणाले, "सलोमीबाई, देवाच्या इच्छेपुढे इलाज नाही." ती धाकट्यांकडे गेली. तेही हळहळले, पण म्हणाले, "सलोमीबाई, शेवटी त्याने स्वतःच ही वाट धरली." एकाने तिला सांगितलं की हे व्हायचंच होतं, दुसऱ्याने सांगितलं की दोष त्याचाच होता. ती घरी परतली आणि विणायला बसली; त्या दिवशी तिच्या हातून चटईचा काठ सरळ येईना.

अशी काही वर्षं गेली. मग एकदा राजाची माणसं गावात आली आणि त्यांनी दवंडी पिटली. "ऐका हो! सुगीच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जो कोणी लुटारू शस्त्र टाकून नदी ओलांडेल, त्याला महाराजांची माफी आहे. मग त्याने काहीही केलेलं असो. त्यानंतर सैन्य डोंगरात शिरेल आणि कोणाचीही गय करणार नाही."

पुढच्या रविवारी मंदिरात याच गोष्टीवर बोलणं निघालं. थोरले उपदेशक म्हणाले, "ज्यांना देवाने वाचवायचं ठरवलं आहे ते येतील. त्यांना कोणी अडवू शकत नाही."

धाकटे म्हणाले, "राजाने माफी दिली आहे. आता निवड त्यांची. आले तर वाचतील."

दोन्ही बाजूंच्या लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा दाराजवळून आवाज आला, "पण दवंडी तर गावात पिटली."

सगळे वळून पाहू लागले. सलोमी उभी राहिली होती.

ती म्हणाली, "दवंडी इथे पिटली, तिकडे डोंगरात ती कोणाला ऐकू गेली? थोरल्या उपदेशकांचं खरं असेल, तर देवाने निवडलेली माणसं तिथे वर असतील, आणि त्यांना बोलवायला कोणीतरी जायला हवं. धाकट्या उपदेशकांचं खरं असेल, तर त्यांना निवड करायची आहे आणि काय निवडायचं तेच त्यांना ठाऊक नाही. म्हणजे तरीही कोणीतरी जायला हवं. मला तुमच्यासारखं शास्त्र येत नाही. पण तुमच्यातलं कोणाचंही खरं धरलं, तरी रस्ता डोंगराकडेच जातो."

थोरले उपदेशक हळूच म्हणाले, "बाई, ते लोक तुम्हाला मारतील. आणि तुमचा अमोस निवडलेल्यांपैकी नसेलच तर?"

"ते देवाला माहीत. मला त्याने तसं काही सांगितलेलं नाही," सलोमी म्हणाली. "मग अमोस नाहीच, असं धरून मी घरी कशी बसू?"

ती नदी ओलांडून गेली. डोंगराची चढण वाईट होती. काटेरी झुडपांनी तिचं लुगडं फाटलं. एका घसरड्या जागी ती पडली आणि तिचा गुडघा फुटला. तिने पदर फाडून गुडघ्याला बांधला, एक फांदी मोडून काठी केली आणि ती पुन्हा चढू लागली. भीती वाटत नव्हती असं नाही. पावलागणिक वाटत होती. पण थांबावं असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

वर एका खिंडीत भाला घेतलेला माणूस आडवा आला. त्याचं नाव बारूख. "कोण गं तू? कोणी पाठवलं तुला?"

"मी अमोसची आई. मी आपणहून निघाले, की देवाने मला पाठवलं, ते मलाही धड सांगता येत नाही. पण निरोप घेऊन आले आहे. तो सगळ्यांसाठी आहे."

बारूखने तिला तळावर नेलं. अमोस शेकोटीजवळ बसला होता. त्याची दाढी वाढली होती आणि गालावर जुना वार दिसत होता. आईला पाहून तो उठला, पण जवळ आला नाही.

सलोमीने राजाची दवंडी शब्द न शब्द सांगितली. लुटारू एकमेकांकडे पाहू लागले. त्यांचा नाईक हसला. "फसवतील. कोणाला सोडायचं आणि कोणाला फासावर द्यायचं, हे राजाने आधीच ठरवलेलं असणार. वरवर म्हणायचं, सगळ्यांना माफी."

"दवंडीत 'जो कोणी' असं म्हटलं आहे," सलोमी म्हणाली. "मी नीट ऐकलं आहे."

मग ती अमोसकडे वळली. "चल, बाळा."

"आई, तू माझ्यासाठी उगाच जिवावर उदार झालीस," अमोस म्हणाला. "मी फोडायचं मडकं आहे. लहानपणीच मला ते कळलं. मी खाली आलो काय, न आलो काय, माझा शेवट ठरलेला आहे."

सलोमी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ते एका रागावलेल्या माणसाचे शब्द होते. तू ते देवाचे समजलास. आणि तू चुकीचं समजतो आहेस हे माहीत असूनही मी गप्प राहिले, असं नको व्हायला, म्हणून आले. अमोस, तुझा शेवट काय ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. मग तो वाईटच असणार, असं का धरून बसलास? ऊठ."

अमोसने मान खाली घातली. मग तो कंबरेची तलवार सोडू लागला.

तेवढ्यात बारूख मोठ्याने बोलला. त्याच्या आवाजात राग होता. "बाई, तुझा देव न्यायी आहे म्हणतात ना? मग याच्यासाठी तू आलीस. माझ्यासाठी कोण आलं? माझी आई मला जन्म देताना मेली. मला कोणी मंदिरात नेलं नाही, कोणी चांगलं-वाईट शिकवलं नाही. याच्या वाट्याला आई आणि माझ्या वाट्याला काहीच नाही, हा कुठला न्याय?"



"याचं उत्तर मला येत नाही," सलोमी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण मी इथे उभी आहे, आणि तू माझ्यासमोर उभा आहेस. अमोससाठी आलेली बाई तुझ्यासाठीही आली असं धर. तूही चल, लेकरा."

बारूखने कोणाकडे न पाहता भाला जमिनीत रोवला आणि तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला. आणखी काही जण उठले. बाकीचे नाईकाकडे पाहत बसून राहिले. नाईक म्हणाला, "जा. मला राजावर भरवसा नाही आणि देवावरही नाही."

सुगीच्या शेवटच्या दिवशी, दुपार कलता कलता ते नदीवर पोचले. पलीकडे सैन्य उभं होतं. गावही काठावर जमलं होतं. अमोसने आईला पाठीवर घेतलं आणि पाण्यात पाऊल टाकलं. कोणी बाण मारला नाही. सेनापतीने प्रत्येकाला पाणी पाजलं आणि सांगितलं, "तुम्ही मोकळे आहात."

थोरले उपदेशक गर्दीतून पुढे आले. ते अमोसला म्हणाले, "त्या दिवशी मी तुझ्याबद्दल जे बोललो, ते देवाने मला सांगितलं नव्हतं. मी ते त्याच्या नावावर खपवलं. मला क्षमा कर." अमोसने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

इकडे बारूख नदीकडे तोंड करून उभा होता. त्याने डोंगराकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि तो एकदम पाण्यात उतरला.

"अरे, कुठे निघालास?" सेनापती ओरडला. "सूर्य मावळल्यावर पलीकडे सापडलास, तर तुझी माफी संपली!"

"सेनापती, वर राहिलेले म्हणत होते की हे सगळं फसवं आहे," बारूख म्हणाला. "आता मी पाहिलं, फसवं नाही. हे त्यांना कोण सांगणार?"

तो धावत डोंगर चढू लागला. सलोमी काठावर गुडघे टेकून बसली. अमोस तिच्या शेजारी बसला. दोन्ही उपदेशकही बसले, एकाच बाजूला. ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं, मग तिथूनही सरकू लागलं. सैनिकांनी ढाली उचलल्या.

तेव्हा झाडीतून बारूख बाहेर पडला. त्याच्या पाठीवर एक लंगडा म्हातारा लुटारू होता आणि मागून काही जण धडपडत येत होते. पाणी छातीपर्यंत आलं तरी त्याने म्हाताऱ्याला सोडलं नाही. एका सैनिकाने विचारलं, "सेनापती, सूर्य मावळला का?"

सेनापतीने पश्चिमेकडे पाहिलं. तिथे आता फक्त तांबूस कड उरली होती. "मला अजून दिसतो आहे," तो म्हणाला. "येऊ दे त्यांना."

नाईक मात्र आला नाही. सैन्य डोंगरात शिरलं तेव्हा तो लढला आणि मारला गेला. त्याच्या मरणाची बातमी आली त्या दिवशी बारूख जेवला नाही. "मी त्याचा हात धरून ओढलं होतं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

गावकरी उपदेशकांकडे गेले. त्यांनी विचारलं, "नाईकाला देवाने निवडलं नव्हतं, की त्याने देवाला निवडलं नाही?" दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरले उठले, त्यांनी पायांत वहाणा घातल्या आणि ते म्हणाले, "शेजारच्या डोंगरातही लुटारू आहेत. त्यांच्यासाठी राजाकडे माफी मागायला हवी. मग वर जायला माणसं लागतील. बारूख, तू वाट दाखवशील का?"

बारूख तयारच होता. धाकट्यांनीही काठी घेतली. ते दोघे भाऊ जन्मभर वाद घालत राहिले. पण नंतर तो वाद डोंगर चढताना होऊ लागला, आणि वर कोणी माणूस दिसला की दोघेही बोलणं अर्धवट टाकून त्याला हाक मारत.

तात्पर्य : देव कोणाला वाचवणार हे आपल्याला सांगितलेलं नाही, म्हणून हाक मारताना आपण कोणालाही वगळू नये.