खाऱ्या रसातला स्वयंभू

भट्ट्यांना जीभ होती तेव्हाची ही गोष्ट. एका मुशीत मीठ वितळून लालभडक झालं होतं आणि त्यात विरघळलेल्या भुकटीतून एक स्फटिक वाढत होता. गार केल्यावर ज्यांच्यातून वीज जराही न अडखळता धावते, अशा बड्या घराण्यातला. भट्टी तासाला एक अंश निवायची, आणि तेवढ्यात मीठ भुकटीचे चार कण आणून त्याच्या अंगावर बसवायचं.

स्फटिक मोहरीएवढा झाला, त्याला कोन फुटले आणि लगेच त्याला मिठाची लाज वाटू लागली.

"भट्टीबाई, हे खारट लोढणं ओतून टाका बघू. माझ्यासारख्याने स्वयंपाकघरातल्या वस्तूसोबत किती दिवस राहायचं?"

"अरे, तेच तुला भरवतंय."

"मी माझा वाढेन!"

भट्टीने मूस कलती केली. आठ दिवस स्फटिक छाती फुगवून बसला आणि मोहरीएवढाच राहिला. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाला, "मीठकाका, या ना परत."

भट्टीने मीठ पुन्हा वितळवून आत ओतलं. ते पुन्हा कण आणून त्याच्या अंगावर बसवू लागलं.

महिन्याभरात स्फटिक नखाएवढा झाला. लोकांनी मीठ पाण्याने धुऊन टाकलं, त्याला मखमलीवर बसवलं आणि विचारलं, "एवढे मोठे कसे झालात?"

"स्वतःच्या हिमतीवर," म्हणत त्याने भाषणच सुरू केलं.

मीठ तेव्हा मोरीतून चाललं होतं. ते पाण्याला म्हणालं, "जरा हळू चल बाबा. त्याच्या वाढण्यात आपण कुठेच नव्हतो, ते तरी नीट ऐकू दे."